अर्धशिशीच्या गोळ्या: कधी घ्यायच्या, किती घ्यायच्या, कुठे थांबायचं

मेडिकलच्या काउंटरवर उभं राहिलं की दिवसभर एकच वाक्य कानावर येतं. "भाऊ, डोकं दुखी राह्यनं, येक गोयी दे." गोळी दिली जाते, सुटे पैसे मोजले जातात, विषय तिथेच संपतो. या लोकांपैकी बऱ्याच जणांना अर्धशिशी असते आणि त्यांनी नेलेली गोळीही बहुधा ठीक असते. तरी गुण येत नाही, कारण ती उशिरा घेतली जाते, अर्धवट घेतली जाते, आणि नंतर फार वेळा घेतली जाते. औषध बदलण्याआधी हे तीन घोळ निस्तरायचे असतात. पुढचे टप्पे त्याच क्रमाने लावले आहेत.

मात्रा दिल्या आहेत त्या प्रौढांच्या नेहमीच्या आहेत. तुमची मात्रा तुमचे डॉक्टर ठरवतील. लहान मुलांना यातलं काहीही स्वतःच्या मनाने देऊ नका.

टप्पा १: ही अर्धशिशीच आहे का, ते ठरवा

अर्धशिशीचं दुखणं बहुतेकदा एका बाजूला आणि ठणकणारं असतं. जिना चढला, खाली वाकलं की वाढतं. मळमळतं, उलटी होते, उजेड आणि आवाज नकोसा होतो. औषध न घेता ते ४ तासांपासून ७२ तासांपर्यंत चालतं. काहींना दुखणं सुरू होण्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी चमकती रेघ दिसते किंवा बोटांना मुंग्या येतात. ५ मिनिटं ते तासभर टिकणाऱ्या या प्रकाराला ऑरा म्हणतात. तो तुम्हाला होत असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. पुढच्या काही निर्णयांत त्याला महत्त्व आहे.

आपल्याकडे या दुखण्याला सर्वांत जास्त वेळा 'पित्त' म्हटलं जातं. उलटी झाली, झोप लागली, डोकं उतरलं, म्हणजे पित्तच असणार, असा हिशेब. मग वर्षानुवर्षं सकाळी उपाशीपोटी ॲसिडिटीची गोळी चालू राहते आणि डोकं दुखायचं काही थांबत नाही. उलटी हा अर्धशिशीचाच भाग आहे. कपाळ आणि डोळ्यांमागे दुखतं म्हणून 'सायनस'चा शिक्का बसलेल्यांचंही तसंच. नाकातून पिवळा-हिरवा घट्ट स्राव नाही, ताप नाही, पण दर महिन्याला ठरल्यासारखं डोकं उठतं आणि उजेड सहन होत नाही, तर ते सायनस असण्याची शक्यता कमीच.

थांबा, गोळी घेऊ नका. आधी दवाखाना गाठा:

– आयुष्यात कधी नव्हे अशी, मिनिटभरात शिगेला पोचलेली डोकेदुखी.
– तोंड वाकडं होणं, हातापायातली ताकद जाणं, बोलताना अडखळणं, दिसेनासं होणं, फिट येणं.
– ताप आणि मान आखडणं. डोक्याला मार लागल्यानंतर सुरू झालेली डोकेदुखी.
– पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली, किंवा आठवड्यागणिक वाढत चाललेली डोकेदुखी.
– गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर नव्याने सुरू झालेली डोकेदुखी.
– कपाशीवर फवारणी करून आल्यावर डोकेदुखीसोबत उलट्या, तोंडाला लाळ, घाम, धूसर दिसणं. ही विषबाधा असू शकते. कपडे काढा, अंग साबणाने धुवा, १०८ ला फोन करा, औषधाचा डबा किंवा त्यावरचं लेबल सोबत न्या.
– वैशाखातल्या उन्हात काम करताना डोकं दुखून अंग तापलं आणि माणूस बरळायला लागला तर तो उष्माघात. पॅरासिटामॉलने तो ताप उतरत नाही. सावलीत घ्या, अंगावर पाणी टाका, वारा घाला आणि लगेच न्या.

टप्पा २: महिनाभर कॅलेंडरवर खुणा करा

डॉक्टर विचारतात, "महिन्यातून किती वेळा दुखतं?" आणि उत्तर येतं, "नेहमीच दुखतं हो." या उत्तरावर औषध ठरत नाही.

स्वयंपाकघरातलं कालनिर्णय घ्या. ज्या चौकटीत दुधाचा हिशेब लिहिता तिथेच कोपऱ्यात डोकं दुखलं त्या दिवशी 'ड' लिहा, फार दुखून काम सोडावं लागलं तर 'डड'. कुठलीही वेदनाशामक गोळी घेतली की 'गो'. पाळीच्या दिवसांना गोल करा. एवढं पुरे. काय खाल्लं, किती झोपलो, कुणाशी भांडलो हे सगळं लिहायला जाल तर चौथ्या दिवशी वही बंद पडेल. मोबाइलमध्ये ॲप आहेत, पण भिंतीवरची खूण घरातलं कुणीही करू शकतं, आणि डोकं ठणकत असताना मोबाइलचा उजेड कुणाला पाहवतो?

तपासून घ्या: कंबरदुखीसाठी, दातासाठी, सर्दीसाठी घेतलेली गोळीही 'गो'मध्ये मोजली का? मोजायलाच हवी. का, ते टप्पा ६ मध्ये येतं.

टप्पा ३: डॉक्टरकडे जाताना काय न्यायचं

पहिल्या भेटीसाठी न्यूरॉलॉजिस्टच हवा असं नाही. साधी अर्धशिशी फॅमिली डॉक्टर किंवा एमडी फिजिशियन नीट सांभाळू शकतात. गुंता असेल तर जळगाव, धुळे, नाशिकला जावं लागतं. धुळे, जळगाव आणि नंदुरबारला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची ओपीडीही आहे.

कॅलेंडरचं पान फाडून न्या किंवा त्याचा फोटो काढा. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका, काढे-चूर्णंसुद्धा. आणि या गोष्टी डॉक्टरांनी विचारल्या नाहीत तरी सांगा: हृदयाचा त्रास किंवा पक्षाघात झालेला आहे का, बीपी, दमा, मुतखडा, काचबिंदू, पोटात अल्सर, किडनीचा त्रास, आणि मूल होऊ द्यायचा विचार. जिनिंगमध्ये काम करत असाल आणि छाती भरून येत असेल तर तेही. 'डोक्याचा आणि छातीचा काय संबंध' असं वाटतं म्हणून बायाबापड्या हे बोलतच नाहीत. यातल्या एकेका उत्तरावर एकेक औषध बाद होतं.

ऑरा असलेल्या बाईने इस्ट्रोजेन असलेली गर्भनिरोधक गोळी टाळायची असते, कारण पक्षाघाताचा धोका वाढतो. लग्नाची तारीख सोयीची व्हावी किंवा पूजेत अडचण नको म्हणून पाळीच्या गोळ्या घेणाऱ्यांनीही त्या घेण्याआधी ऑराबद्दल डॉक्टरांना सांगावं.

टप्पा ४: डबी तयार ठेवा

डोकं उठल्यावर मेडिकल शोधत फिरायचं म्हणजे अर्धा-पाऊण तास गेला. चोपड्याहून जळगावला निघालेल्या एसटीत तर काही मिळतच नाही. चिठ्ठीतली पूर्ण मात्रा एका छोट्या डबीत घालून ती सतत जवळ ठेवा: वेदनाशामक, मळमळीची गोळी, आणि डॉक्टरांनी दिली असेल तर ट्रिप्टान, म्हणजे अर्धशिशीची खास गोळी.

दोन गोष्टींत हमखास चूक होते. पहिली, गाडीची डिक्की. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या आसपास असतो आणि उन्हात उभ्या गाडीची डिक्की त्याहून तापते. बहुतेक गोळ्यांच्या पाकिटावर २५ किंवा ३० अंशांखाली ठेवा असं छापलेलं असतं. पत्र्याखालची फळी, चुलीशेजारचा कोनाडा, कारचा डॅशबोर्ड, सगळं बाद. सुती पिशवीत, अंगाजवळ किंवा सावलीत ठेवा. दुसरी, कापलेली स्ट्रिप. दोन गोळ्या मागितल्या की आम्ही मेडिकलवाले कात्रीने कापून देतो आणि मुदतीची तारीख बहुतेक वेळा उरलेल्या तुकड्यावर राहते. डबीत ठेवायची असेल तर अख्खी स्ट्रिप घ्या, नाहीतर तारीख तिथल्या तिथे पेनाने लिहून घ्या.

टप्पा ५: डोकं उठल्यावर पहिला तास

इथेच खरी लढाई जिंकली किंवा हरली जाते. "बघू, थांबलं तर बरं" म्हणत दुपार काढायची आणि संध्याकाळी असह्य झाल्यावर गोळी घ्यायची, ही आपली जुनी सवय. सोशिकपणाचं कौतुक इथे कामाचं नाही. अर्धशिशी पेटली की जठराचं काम मंदावतं. गोळी पोटात पडून राहते, रक्तात वेळेवर उतरत नाही, आणि कधी उलटीतून बाहेरच येते. दुखणं हलकं असतानाच घेतलेल्या गोळीचा गुण वेगळाच.

क्रम असा ठेवा.

आधी पाणी. मोठा पेला भरून, उन्हातून आला असाल तर मीठ-साखर घालून किंवा ताक. आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या अंगातलं पाणी कमी असताना घेतल्या तर किडनीवर ताण येतो. केळीच्या बागेत दिवसभर घड वाहणाऱ्यांना, कापूस वेचणाऱ्यांना हा धोका खरा आहे. त्यातून टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर तो आणखी वाढतो. अशांनी या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नयेत.

मग दोन घास. भाकरीचा तुकडा, केळं, बिस्किट, काहीही. उपास असेल तर केळं किंवा राजगिऱ्याचा लाडू. उपाशी राहण्यानेच कित्येकांचं डोकं उठतं, तेव्हा चतुर्थी-एकादशी निर्जळी करण्याचा हट्ट अर्धशिशीवाल्याने सोडावा हे माझं मत.

मग गोळी, पूर्ण मात्रेत. पॅरासिटामॉल असेल तर १००० मिलीग्रॅम, म्हणजे ५०० च्या दोन. आयब्युप्रोफेन ४०० किंवा नॅप्रोक्सेन ५००. पॅरासिटामॉलची अर्धी गोळी मोडून घेणं म्हणजे काहीच न घेणं, वर कॅलेंडरवर एक 'गो' फुकट गेला. मळमळ असेल तर सोबतच डॉमपेरिडोन किंवा मेटोक्लोप्रमाइड. ते फक्त उलटी थांबवत नाही, अडलेलं जठर हलवून वेदनाशामक पुढे ढकलतं. मेटोक्लोप्रमाइडने क्वचित, विशेषतः तरुण मुलींत, मान वाकडी होते, डोळे वर चढतात. लोक घाबरून बाहेरची बाधा समजतात. ती औषधाची प्रतिक्रिया असते, दवाखान्यात इंजेक्शनने उतरते.

ज्यांचं दुखणं पहिल्यापासूनच जबर असतं किंवा वरच्या गोळ्यांनी भागत नाही, त्यांना डॉक्टर ट्रिप्टान देतात: सुमाट्रिप्टान ५० किंवा १०० मिलीग्रॅम, रिझाट्रिप्टान १० मिलीग्रॅम. हे अर्धशिशीसाठीच बनलेलं औषध आहे. ते दुखणं सुरू झाल्यावर घ्यायचं, नुसती चमकती रेघ दिसत असताना नाही. गळा-छाती आवळल्यासारखी वाटणं, मुंग्या येणं हे थोडा वेळ होऊ शकतं. पण हृदयविकार, पक्षाघात किंवा आटोक्यात नसलेलं बीपी असेल तर ट्रिप्टान चालत नाही. प्रोप्रानोलॉल (टप्पा ७ मधली रोजची गोळी) चालू असेल तर रिझाट्रिप्टानची मात्रा ५ वर आणतात, तेव्हा डॉक्टरांना आठवण करून द्या. तोंडात विरघळणारी गोळी जास्त वेगाने काम करते असा समज आहे. तसं नाही. पाणी हाताशी नसताना किंवा पाण्याच्या घोटानेही उलटी येत असताना ती सोयीची, इतकंच. उलटी आवरतच नसेल तर सुमाट्रिप्टानचा नाकात मारायचा फवारा किंवा इंजेक्शन विचारा.

गोळी घेतली की अंधारात पडा. लग्नघरी असाल तर डीजेपासून लांबची खोली शोधा. वऱ्हाडात नाव ठेवणारे ठेवतील.

तपासून घ्या: सर्दीच्या बहुतेक मिश्र गोळ्यांत पॅरासिटामॉल असतं. सगळं मिळून दिवसाला ३ ग्रॅमच्या पुढे जाऊ नका. रोज दारू घेणाऱ्यांची मर्यादा याहून कमी, ती डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

दोन तासांनी काय?

दुखणं गेलं आणि पुन्हा उलटलं, तर ट्रिप्टानची दुसरी मात्रा पहिलीनंतर किमान २ तासांनी घेता येते. २४ तासांत सुमाट्रिप्टान २०० आणि रिझाट्रिप्टान २० मिलीग्रॅमच्या वर नाही. पण पहिल्या मात्रेने काडीचाही फरक पडला नसेल तर त्याच वेळी तीच गोळी पुन्हा घेऊन उपयोग नसतो. तेव्हा नॅप्रोक्सेनसारखी दुसऱ्या जातीची गोळी चालते, डॉक्टरांनी आधी तसं सांगून ठेवलेलं असेल तर. एकदा लागू पडली नाही म्हणून ट्रिप्टान फेकूनही देऊ नका. तीन वेळा, लवकर घेऊन बघा. एक ट्रिप्टान चाललं नाही तरी दुसरं चालू शकतं. ७२ तास उलटूनही डोकं उतरलं नाही तर दवाखान्यात दाखल व्हायची वेळ आली.

सावधान, एर्गोटामिन: अर्धशिशीच्या नावाने खपणाऱ्या काही जुन्या मिश्र गोळ्यांत एर्गोटामिन, कॅफिन, पॅरासिटामॉल आणि उलटीचं औषध एकत्र असतं. गावोगावी लोक ती नाव घेऊन मागतात. एर्गोटामिन रक्तवाहिन्या आवळतं. ट्रिप्टान आणि एर्गोटामिनमध्ये किमान २४ तासांचं अंतर हवं. गरोदरपणात मुळीच नको. घसा-छातीसाठी क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन किंवा बुरशीसाठी इट्राकोनॅझोल चालू असताना घेतलं तर हातापायांचा रक्तपुरवठा तुटण्यापर्यंत मजल जाते. नायट्यासाठी इट्राकोनॅझोल घेणारे आपल्याकडे थोडे नाहीत. पाकीट उलटून घटक वाचा, वाचता येत नसेल तर आम्हाला वाचायला लावा.

टप्पा ६: महिन्याच्या शेवटी 'गो' मोजा

डोकेदुखीची गोळीच डोकेदुखी लावते. हे सांगितलं की लोक हसतात, पण आजार नोंदलेला आहे. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, आणि ट्रिप्टान, एर्गोटामिन, ट्रामाडॉल (अफूच्या जातीचं कडक वेदनाशामक) किंवा मिश्र गोळ्या १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांच्या वर चाललं की मेंदू त्यावर अडून बसतो. मग सकाळी डोळे उघडतानाच डोकं जड, गोळी घेतली की चार तास बरं, पुन्हा जड. गोळ्या किती हे मोजायचं नसतं, गोळी घेतलेले दिवस मोजायचे असतात. एका दिवशी दोन घेतल्या तर दिवस एकच.

आठवड्याला दोन दिवसांच्या वर 'गो' नको, हा पाळायला सोपा नियम.

आकडा आधीच ओलांडला असेल तर गोळी सोडावी लागते. साध्या गोळ्या आणि ट्रिप्टान एकदम बंद करता येतात, ट्रामाडॉलसारख्या हळूहळू, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. पुढचे २ ते १० दिवस डोकं पूर्वीपेक्षा जास्त दुखतं, मळमळतं, झोप उडते. बहुतेक जण इथेच हार मानून पुन्हा गोळी घेतात. म्हणून हे दिवस आधी ठरवा. पेरणीच्या किंवा केळी कापणीच्या घाईत सुरू करू नका, घरच्यांना सांगून ठेवा, आणि रोजची प्रतिबंधक गोळी (टप्पा ७) बरोबरीने सुरू करून घ्या.

टप्पा ७: रोजची गोळी कुणाला, कोणती

महिन्यात चार किंवा जास्त दिवस डोकं उठत असेल, किंवा कमी वेळा पण आडवं पाडणारं असेल, तर डोकं दुखू नये म्हणून रोज घ्यायची गोळी लागते. ती दुखत असताना घ्यायची नाही, आणि दुखलं नाही म्हणून चुकवायचीही नाही. सर्वांत जास्त गोंधळ याचाच होतो. दहा दिवस घेऊन 'फरक नाही' म्हणत पाकीट परत घेऊन येणारे खूप. ठरलेल्या मात्रेवर पोचल्यानंतर ८ ते १२ आठवडे द्यावेच लागतात. दुखण्याचे दिवस निम्म्यावर आले म्हणजे औषध लागू पडलं. शून्याची वाट बघू नका.

प्रोप्रानोलॉल स्वस्त आणि जुनं. दमा असेल तर बाद. इन्सुलिन घेणाऱ्यांत साखर उतरल्याची धडधड ते झाकून टाकतं. उन्हात उभं राहून काम असेल तर चक्कर येऊ शकते, म्हणून थोड्या मात्रेने सुरुवात.

अ‍ॅमिट्रिप्टिलिन १० मिलीग्रॅमपासून, झोपेच्या तास-दोन तास आधी. झोप नीट नसलेल्यांना दुहेरी फायदा. तोंड कोरडं पडतं, शौचाला कडक होतं. पाकिटावर नैराश्याचं औषध लिहिलेलं पाहून घरचे घाबरतात. इथे मात्रा कमी असते आणि काम वेगळं.

फ्लुनारिझिन रात्रीची ५ ते १० मिलीग्रॅम. आपल्याकडे भरपूर लिहिली जाते. वजन वाढतं, सुस्ती येते, काहींचं मन उदास होतं, वयस्कांत हात थरथरणं, चाल मंदावणं दिसतं. सहा महिन्यांपूर्वीची जुनी चिठ्ठी दाखवून घेत राहण्याचं हे औषध नाही.

टोपिरामेटबद्दल खानदेशात जरा जास्त बोलायला हवं. २५ पासून आठवड्यागणिक वाढवत १०० पर्यंत नेतात, वजन कमी होतं म्हणून काहींना आवडतंही. पण त्याने घाम कमी येतो आणि मुतखड्याची शक्यता वाढते. एप्रिल-मेमध्ये शेतात राबणाऱ्याला घाम आला नाही तर अंग तापत जातं. आधी मुतखडा झाला असेल, कामच उन्हातलं असेल, तर डॉक्टरांना स्पष्ट सांगून दुसरा पर्याय विचारा. ते चालू असेल तर लघवी फिकट राहील इतकं पाणी प्या. बोटांना मुंग्या येणं आणि बोलताना शब्द न आठवणं हेही त्याचेच परिणाम. डोळे अचानक दुखून धूसर दिसायला लागलं तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे.

सावधान: व्हॅल्प्रोएट मूल होऊ शकणाऱ्या वयातल्या बाईला अर्धशिशीसाठी देऊ नये, बाळात व्यंग येण्याचा धोका मोठा आहे. टोपिरामेटही गरोदरपणात नको. दिवस राहिल्याची शंका आली की पॅरासिटामॉलशिवाय सगळ्या गोळ्यांबद्दल आधी डॉक्टरांना विचारा.

नेहमीच्या प्रतिबंधक गोळ्या जेनेरिकमध्ये, जनऔषधी केंद्रातही, बऱ्याच स्वस्त मिळतात.

दोन-तीन गोळ्या पुरेशा मात्रेत आणि पुरेसे दिवस घेऊनही भागलं नाही तर सीजीआरपी (अर्धशिशीचं दुखणं पेटवणारा शरीरातलाच एक घटक) अडवणारी महिन्याची इंजेक्शनं आहेत, आणि महिन्यात १५ किंवा जास्त दिवस दुखणाऱ्यांसाठी दर १२ आठवड्यांनी बोटॉक्स. दोन्ही महाग. सीजीआरपीची इंजेक्शनं २ ते ८ अंशांत ठेवावी लागतात. वीज जाणाऱ्या गावात फ्रिजवर भरवसा ठेवण्यापेक्षा घ्यायच्या दिवशीच आणलेली बरी.

टप्पा ८: गोळी उतरवताना

सहा महिने ते वर्षभर आटोक्यात राहिलं की डॉक्टर मात्रा कमी करायला घेतात. प्रोप्रानोलॉल एका दिवसात बंद करू नका. धडधड वाढते, हृदयरोग्याला धोका होतो. दोन-तीन आठवड्यांत पायरीपायरीने उतरवायचं. चैत्र-वैशाखात, ऊन आणि लग्नसराई एकत्र असताना, हा प्रयोग सुरू करू नये असं मी प्रत्येकाला सांगतो. दिवाळीनंतरचे थंडीचे महिने बरे. कॅलेंडरवरच्या खुणा चालू ठेवा, 'ड' पुन्हा महिन्यात चारवर गेले की पुढची पायरी थांबवून डॉक्टरांना भेटा.